दाणा पाहून निवडलेली मुळं

१९८३ च्या खरिपात चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे यांना पटेल-३ धानाच्या उभ्या पिकात एक झाड वेगळं दिसलं. (हे नांदेड पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतलं. मराठवाड्यातल्या शहराशी त्याचं फक्त नाव जुळतं.) त्या झाडाला पिवळसर, बारीक दाण्यांच्या तीन लोंब्या होत्या. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंतचं, जमीन दीड एकराच्या आसपास. त्यांनी त्या लोंब्या खुडून वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध पेरल्या आणि रानडुकरांपासून वाचवायला भोवती काट्यांचं कुंपण केलं. मग दर हंगामात तेच काम चालू राहिलं. पेरायचं, निरखायचं, बेसूर दिसेल ते उपटायचं, मनासारखं असेल ते बियाण्याला राखायचं. दशक संपता संपता त्यांच्या हाती जे धान आलं त्याचा दाणा पटेल-३ पेक्षा बारीक होता, भाताला वास आणि चव होती, आणि उतारा कमी नव्हता. त्या काळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे मानाची गोष्ट. एका व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिलं आणि ते चिकटलं.

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या केंद्रामार्फत दादाजींकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित केलं. विद्यापीठ म्हणालं, आम्ही बियाण्याचं शुद्धीकरण केलं. दादाजी म्हणाले, वाण माझं. जानेवारी २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. विजय नांदेड, दीपक रत्न, नांदेड हिरा, डीआरके अशी आणखीही वाणं त्यांनी काढली आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. श्रेयाच्या वादावर बरंच लिहून झालं आहे, या प्रकरणात तो एवढाच पुरे. इथे पाहायचं आहे ते वेगळं. दादाजींनी लोंबी पाहून निवड केली, विद्यापीठाने दाणा, उंची आणि उतारा पाहून केली, आणि दोघांच्याही निवडीत जमिनीखालचं काहीतरी न पाहता निवडलं गेलं.

धानाचं रोप पानांत साखर तयार करतं, पण ती सगळी दाण्यात जात नाही. मुळं तिचा एक वाटा शर्करा, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं आणि चिकट स्रावांच्या रूपाने मातीत सोडत असतात. कोवळ्या रोपात हा वाटा चांगलाच मोठा असतो. उपाशी मातीत एवढा शिधा रोज पडू लागला की तिथे गर्दी होणारच. मुळाला लागून असलेल्या या काही मिलिमीटरच्या थराला जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये रायझोस्फिअर म्हटलं, आपण त्याला मूळपरिसर म्हणू. या थरातले काही जिवाणू हवेतला नत्र पकडतात, काही कुजलेल्या पाल्यातला नत्र मोकळा करतात, काही स्फुरद विरघळवतात, काही रोगकारक बुरशीला पाय ठेवू देत नाहीत, आणि बरेच जण फुकटचं खाऊन जातात. रोपाला यातले कोण हवेत आणि कोण नकोत, हे त्याच्या स्रावांची रचना, मुळांची बांधणी आणि मुळांतली प्रतिकारशक्ती ठरवतात. या तिन्ही गोष्टी जनुकांत लिहिलेल्या असतात. जनुकं बदलली की सोबतही थोडी बदलते. वाणनिवडीचा मुळांजवळच्या सूक्ष्मजीवांशी संबंध येतो तो इथे.

हे सगळं पूर्वी दिसतच नव्हतं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवून मोजायचं म्हटलं तर मातीतले बहुसंख्य जिवाणू बशीत वाढायलाच तयार नसतात. गेल्या वीसेक वर्षांत मुळाला चिकटलेल्या मातीतून थेट डीएनए काढून तो वाचण्याची पद्धत स्वस्त झाली, तेव्हा पहिल्यांदा हजेरीपट हाती आला. धानाचा असा सविस्तर हजेरीपट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने छापला. त्यांनी तीन जागा वेगळ्या धरल्या: मुळाभोवतीची माती, मुळाचा पृष्ठभाग आणि मुळाच्या आतली पेशींची जागा. बाहेरून आत जावं तशी जिवाणूंची विविधता घटत जाते. आत शिरणं सगळ्यांना जमत नाही, रोप प्रत्येक उंबरठ्यावर चाळणी लावतं. निर्जंतुक वाढवलेलं रोप मातीत लावलं तर एका दिवसात जिवाणू मुळाच्या आत पोचलेले असतात आणि दोनेक आठवड्यांत पहिली वस्ती बरीचशी बसते.

रोवणी करणाऱ्याने ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तीन आठवड्यांचे परे (रोपं) खारीतून (रोपवाटिकेतून) उपटून बांधीत नेतात तेव्हा त्यांच्या मुळांत खारीतल्या मातीची वस्ती आधीच बसलेली असते. परे कुठल्या मातीत टाकले आणि तिथे शेणखत होतं की नुसता युरिया, याचा हिशेब रोवणीबरोबर बांधीत येतो. आवत्या पद्धतीने थेट बी फेकलेल्या धानाला ही मधली पायरी नसते. त्याची मुळं पहिल्यापासून बांधीच्याच मातीत असतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे ती माती बुडालेलीही नसते.

धानाची गोष्ट गहू-ज्वारीपेक्षा वेगळी पडते ती पाण्यामुळे. चिखलणी होऊन बांधीत पाणी उभं राहिलं की मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. वरचा काही मिलिमीटरचा पापुद्रा सोडला तर खाली श्वासाला हवा नाही. मग तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि हेही संपलं की मिथेन बनवणाऱ्यांची पाळी येते. अशा जागी बहुतेक पिकांची मुळं गुदमरून कुजतील. धानाच्या मुळांत हवेच्या लांब पोकळ्या असतात. पानांतून आलेला प्राणवायू त्यांतून टोकापर्यंत उतरतो आणि थोडा बाहेर झिरपतो. त्यामुळे प्रत्येक मुळाभोवती काळ्या, हवाविहीन चिखलात प्राणवायूची एक बारीक नळी तयार होते. तिच्या काठावर दोन्ही जगांतले जिवाणू शेजारी राहतात: एका अंगाला प्राणवायूवर जगणारे, दुसऱ्या अंगाला प्राणवायूने मरणारे. एवढ्या अरुंद जागेत इतकी वेगवेगळी रसायनं चालणारी ठिकाणं शेतीत फार थोडी असतील.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. श्रावण-भाद्रपदात बांधीतून एक चूड हळूच उपटून मुळं धुऊन पाहा. नवी टोकं पांढरी दिसतील, जुनी मुळं विटकरी तांबडी. तो तांबडेपणा म्हणजे गंज. मातीत विरघळलेलं लोह मुळातून झिरपणाऱ्या प्राणवायूला भेटलं की गंज होऊन मुळावर बसतं, आणि त्या कामात लोह खाणारे जिवाणूही हात लावतात. मुळं काळी पडली असतील आणि कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर प्राणवायूची ती नळी तुटली आहे, सल्फाइडने ताबा घेतला आहे. एकाच मातीत शेजारी लावलेल्या दोन वाणांमध्ये हा रंग कमीअधिक दिसू शकतो, कारण किती प्राणवायू बाहेर सोडायचा हे वाणागणिक बदलतं.

आता वाणाचा नेमका हात किती, याचा आजवरचा सर्वांत बोलका पुरावा २०१९ मध्ये चीनमधून आला. चिनी विज्ञान अकादमीत बाई यांग आणि चू चेंगचाई यांच्या गटांनी ६८ इंडिका आणि २७ जॅपोनिका वाणं शेतात लावली आणि त्यांच्या मुळांतले जिवाणू वाचले. इंडिका म्हणजे आपल्याकडचा मोकळा शिजणारा तांदूळ, जॅपोनिका म्हणजे जपान-कोरियाकडचा चिकट. इंडिकाच्या मुळांत जिवाणूंची विविधता जास्त निघाली आणि नत्राच्या उलाढालीत भाग घेणारे जिवाणूही जास्त निघाले. हे का, याचा माग काढताना ते एका जनुकापाशी पोचले, एनआरटी१.१बी. मुळाला मातीतला नायट्रेट ओळखून आत घेता यावा यासाठी लागणारं प्रथिन हे जनुक बनवतं. ते मोडून टाकलेल्या रोपाच्या मुळांतून नत्राशी संबंधित असलेले बरेच जिवाणू कमी झाले. पुढे त्यांनी मुळांतले जिवाणू वेगळे वाढवले, इंडिकात जास्त सापडणाऱ्यांचा एक संच आणि जॅपोनिकात जास्त सापडणाऱ्यांचा दुसरा, आणि ते रोपांना दिले. नत्र सेंद्रिय रूपात दिलेला असताना इंडिकाच्या संचाने रोपाची वाढ अधिक झाली.

शेवटच्या वाक्यातली अट महत्त्वाची आहे: नत्र सेंद्रिय रूपात दिलेला असताना. शेणखत, पालापाचोळा, मागच्या पिकाची मुळं यांतला नत्र धानाला थेट घेता येत नाही, तो आधी कुणीतरी मोडून द्यावा लागतो. झाडीपट्टीतलं बहुतेक धान इंडिका आहे, त्यामुळे हा गुण आपल्याकडे आयता आला आहे. पुढे निवड करताना तो राखला जातो की न कळत गळून पडतो, हा खरा प्रश्न.

इथे एक लगाम घालायला हवा. अशा शोधांच्या बातम्या वाचून वाटतं की वाण बदललं की मुळांजवळचं सगळं जग बदलतं. तसं होत नाही. डेव्हिसच्या अभ्यासातच दिसलं की सर्वांत जास्त फरक मातीने आणि मुळाच्या कुठल्या भागातून नमुना घेतला याने पडतो. वाणाचा क्रमांक त्यांच्यानंतर लागतो. फरक असतो, मोजता येतो, पण लहान असतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मातीचं महत्त्व सांगायची गरज नाही. कन्हार, मोरांड, खर्डी, बर्डी ही नावं जमीन महसुलाच्या जुन्या कागदांत आहेत आणि बोलण्यातही आहेत, आणि कुठल्या मातीत कोणतं धान टाकायचं ते त्यांवरूनच ठरत आलं आहे. सूक्ष्मजीवांची यादी काढली तर कन्हारातला एचएमटी आणि कन्हारातलं लुचई धान हे एकमेकांच्या जवळ असतील, बर्डीतला एचएमटी लांब असेल. एचएमटीबद्दल मी हे इतर धानांवरच्या प्रयोगांवरून ताडतो आहे, हेही सांगून ठेवतो.

मग लहान फरकासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण तो लहान फरक नत्राच्या हिशेबात बसतो, आणि नत्राचा हिशेब लहान नाही. भरपूर खत दिलेल्या बांधीतही धान जो नत्र घेतं त्यातला निम्म्याहून अधिक मातीतून येतो, गोणीतून नाही. गोणीतल्या युरियाचा साधारण तिसरा हिस्साच रोपात पोचतो. उरलेला हवेत उडतो, पाण्याबरोबर जातो किंवा जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. बांधीच्या पाण्यातली निळी-हिरवी शेवाळं हवेतला नत्र धरतात हे ढाक्याच्या पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवून दिलं होतं. खताचं पोतं कधीही न उघडता शतकानुशतकं त्याच बांधीत धान पिकत राहिलं, त्यामागचा एक मोठा हात या न दिसणाऱ्यांचा होता.

आता गेल्या साठ वर्षांतली निवड पाहू. १९६० च्या दशकात तैवानचं तैचुंग नेटिव्ह-१ आलं, १९६६ मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं आयआर-८, आणि १९६८ मध्ये भारताचं स्वतःचं जया. तिन्हींच्या बुटकेपणामागे एकच जनुक आहे, एसडी१. त्यातल्या बिघाडामुळे रोपात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी बनतं आणि ताट आखूड राहतं. उंच देशी धानाला जास्त नत्र दिला की ते लोळत असे, बुटकं धान उभं राहून तो नत्र दाण्यात नेई. पोटाला लागणारा तांदूळ याच गुणाने दिला, त्याची टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण या निवडीच्या दोन बाजू क्वचितच सांगितल्या जातात.

पहिली बाजू मुळांची. संप्रेरक कमी झालं की फक्त ताट बदलतं असं नाही. गव्हातल्या बुटकेपणाच्या जनुकांवर इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राने २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात उंच आणि बुटक्या वाणांच्या मुळांभोवती जिवाणूंच्या वेगळ्या वस्त्या आढळल्या. गव्हाचं बुटकेपण वेगळ्या जनुकातून येतं, तेव्हा ते जसंच्या तसं धानाला लावता येणार नाही, पण दिशा कळते. तणसाचीही एक गोष्ट आहे. उंच धान जास्त तणस देई, तणसावर बैल-गाई जगत, आणि त्यांचं शेण उन्हाळ्यात बांधीत येई. ताट आखूड झालं तसा हा फेराही आखूड झाला. वाणाने मातीतल्या जिवाणूंचं खाणं असंही बदललं, कुठल्याही स्रावाशिवाय.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. वाण कोणत्या परिस्थितीत निवडलं गेलं, ही ती बाजू. संशोधन केंद्राच्या प्लॉटवर शिफारशीप्रमाणे पूर्ण खत पडतं, पाणी वेळेवर मिळतं, तण काढलेलं असतं. अशा प्लॉटमध्ये दोन ओळी शेजारी लावल्या आहेत असं समजा. एक ओळ आपल्या साखरेतला चांगला वाटा मुळांवाटे जिवाणूंना देते आणि त्या बदल्यात नत्र-स्फुरद मिळवते. दुसरी ओळ साखर जिवाणूंना कमी देते, दाण्यात जास्त भरते. नत्र गोणीतून भरपूर मिळत असेल तर पहिल्या ओळीला तिच्या उदारपणाचा काहीच मोबदला नाही. तराजूवर दुसरी जिंकेल, आणि निवडणारा तिलाच पुढे नेईल. हेच दहा पिढ्या झालं की जिवाणूंशी व्यवहार करण्याचा गुण कुणी काढून न टाकताही विरत जातो. अनेक पिकांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हा तर्क मांडला आहे, आणि मुळाशी जोडीने राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीच्या बाबतीतही तो पुढे केला जातो. सगळ्या पिकांत तो सारख्याच ताकदीने सिद्ध झालेला नाही. तरी निवडीचा नियमच असा आहे की ज्याची परीक्षा घेतली नाही त्याचे गुण मिळत नाहीत.

दादाजींची परीक्षा या दृष्टीने वेगळी होती, आणि तिचं कौतुक करताना भान ठेवायला हवं. त्यांनी मुळांकडे पाहून काही निवडलं नाही. त्यांची नजर दाण्यावर होती. मुळात पटेल-३ हेही जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी तयार केलेलं वाण, रानातून आलेलं नव्हे. पण निवड झाली ती अल्पभूधारकाच्या बांधीत, त्या मातीच्या आणि त्या पावसाच्या अटींवर. त्या बांधीत जे झाड उपाशी राहिलं ते लोंबीला आलं नाही, आणि लोंबीला न आलेलं झाड दादाजींच्या नजरेला पडण्याचा प्रश्नच नव्हता. शेतकऱ्याच्या निवडीत माती ही एक न बोलणारी परीक्षक असते. केंद्राच्या प्लॉटवर तिचं तोंड खताने बंद केलेलं असतं.

निवडीत मुदतीचाही भाग असतो. झाडीपट्टीत धानाची पहिली विभागणी हलकं, मध्यम आणि भारी अशी होते. पाऊस लवकर पळणाऱ्या उंच बांधीत हलकं, तलावाखालच्या पाणथळ बांधीत भारी. डेव्हिसच्याच गटाने २०१८ मध्ये तीन हंगामांतले दीड हजारांवर नमुने वाचून दाखवलं की धानाच्या मुळांतली वस्ती वाढीच्या काळात सारखी बदलत असते आणि नंतर स्थिरावते. हा बदल रोपाच्या नुसत्या दिवसांवर अवलंबून नसतो, रोप कोणत्या अवस्थेत आहे त्यावर असतो. लवकर पक्व होणाऱ्या वाणात वस्तीही लवकर प्रौढ होते. पैदासकार जेव्हा वाणाची मुदत पंधरा दिवसांनी कमी करतो, तेव्हा तो मुळांतल्या जिवाणूंचं पंचांगही पुढे ओढतो. पालापाचोळ्यातून नत्र सुटायला जो वेळ लागतो तो मात्र कमी होत नाही. हलक्या धानाला वरखताची भूक जास्त का भासते, याचं एक कारण इथे असावं असा माझा अंदाज आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. पाण्याचा ताण पडलेल्या धानाच्या मुळांतली वस्ती वयाच्या मानाने पोरवयाची राहते. २०२१ मध्ये याच गटाने दाखवलं की दीर्घ ताणानंतर पाणी दिलं तरी मुळांच्या आतली वस्ती पूर्ववत होत नाही, ताणात वाढलेले ॲक्टिनोबॅक्टेरिया तिथे ठाण मांडून राहतात. चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस एकूण भरपूर, पण ऑगस्ट-सप्टेंबरातला खंड नेमका धान निसवायच्या सुमाराला गाठतो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले तलाव, ज्यांना आज मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, ते या खंडावरचाच उतारा होते. मालगुजारी गेल्यावर ते गाळाने भरत गेले. दुरुस्त तलावाखालच्या बांधीत मुळांची सोबत शाबूत राहते आणि फुटक्या तलावाखालच्या बांधीत ती हंगामाच्या मध्यावर बिघडते. वाण दोन्हीकडे एकच असेल.

बियाण्यातून काय जातं, हाही मुद्दा आहे. आपण समजतो की बी म्हणजे जनुकं आणि पिठूळ शिदोरी. बियाण्याच्या आत जिवाणूही असतात आणि ते पुढच्या पिढीत उतरतात. चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या अभ्यासाने २०२१ मध्ये याचं चकित करणारं उदाहरण दिलं. एकच वाण काही भागांत रोपांच्या एका जिवाणूजन्य रोगाला बळी पडत होतं आणि काही भागांत टिकत होतं. जनुकं तीच असताना फरक निघाला बियाण्यातल्या स्फिंगोमोनास मेलोनिस या जिवाणूत. तो बियाण्याबरोबर पिढ्यानपिढ्या पुढे जात होता आणि रोगकारकाला निकामी करणारा पदार्थ बनवत होता. म्हणजे वाणाचा म्हणून ओळखला गेलेला गुण खरं तर त्या जागेच्या बियाण्याचा होता.

कणगीत राखलेलं घरचं बी आणि पिशवीतलं प्रमाणित बी यांच्या तुलनेत ही गोष्ट विसरली जाते. बीज प्रमाणीकरणात जनुकीय शुद्धता, उगवण, ओलावा, तणाचं बी हे सारं पाहतात, आणि ते पाहायलाच हवं, कारण घरचं बी भेसळीचं आणि रोगटही असू शकतं. बियाण्यातल्या सोबत्यांचा रकाना मात्र त्या अर्जात नाही. एखादं वाण एका खेड्यातल्या बांधीतून केंद्रावर जातं, तिथे अनेक हंगाम वाढतं आणि मग राज्यभर वाटलं जातं. त्यात कागदावर वाण शुद्ध होतं, पण त्याची जुनी सोबत त्याच्याबरोबर आलीच असेल याची हमी कुणी घेत नाही.

मिथेनचा उल्लेख टाळता येत नाही, पण तो थोडक्यात. पाण्यातल्या बांधीतून निघणारा बहुतेक मिथेन धानाच्याच हवेच्या पोकळ्यांतून वर येतो. म्हणून जास्त उताऱ्याचं जोमदार वाण म्हणजे जास्त मिथेन, असा समज होता. चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की सेंद्रिय कर्ब भरपूर असलेल्या मातीत उलटं घडतं. मोठी मुळं जास्त प्राणवायू खाली नेतात, त्यावर मिथेन खाणारे जिवाणू पोसले जातात आणि उत्सर्जन घटतं. कर्ब कमी असलेल्या मातीत हा फायदा मिळत नाही. पुन्हा तेच: वाणाचा गुण मातीशिवाय पुरा होत नाही.

या सगळ्यातून काही जण सरळ पाकिटाकडे जातात. ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू संवर्धक पाकिटांत मिळतात, रोवणीआधी पऱ्यांची मुळं त्यांच्या द्रावणात बुडवतात. ते निरुपयोगी नाहीत, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. आधीच भरलेल्या वस्तीत पाहुण्याला जागा मिळेल याची खात्री नसते, आणि पाकिटातल्या जिवाणूला एचएमटी बोलावतो की लुचई, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. उभ्या धानात लाखोळीचं (लाखेच्या डाळीचं) बी फेकण्याची जुनी रीत मला अधिक भरवशाची वाटते. तिच्या मुळांवरच्या गाठींत पकडलेला नत्र बांधीतच राहतो आणि पुढच्या हंगामाच्या जिवाणूंना खाणं मिळतं. डॉ. ना. के. सावंत यांनी कोकणात रुजवलेली आणि पुढे पूर्व विदर्भातही आलेली चारसूत्री पद्धत जिवाणूंचं वागणं ओळखून बांधलेली आहे. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, तुसाची राख वापरायची, नेमक्या अंतरावर रोवणी करायची आणि २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचायची. तिथे प्राणवायू नसल्याने अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू काम करू शकत नाहीत, आणि नत्र मूळ येईपर्यंत टिकून राहतो.

खरा उपाय मात्र निवडीतच आहे, आणि त्याला लागणारा कच्चा माल शेजारीच पडून आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगडात खेडोपाडी फिरून एकोणीस हजारांच्या आसपास धानाचे नमुने गोळा केले होते. तो संग्रह आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे आणि वाढून तेवीस हजारांच्या पुढे गेला आहे. गडचिरोलीतल्या कोरची-कुरखेड्यापासून ते जग फार लांब नाही, माती आणि पाऊस तर जवळचेच. खताशिवाय, पावसाच्या भरवशावर, शेकडो वर्षं मातीच्या परीक्षेला बसलेली ही धानं आहेत. त्यांतली सगळी चांगली असतील असं नाही. उतारा कमी, लोळणारी, झडणारीही पुष्कळ निघतील. पण मुळांची सोबत जमवण्याचा गुण शोधायचा असेल तर तो शोधायची पहिली जागा हीच आहे, आणि एनआरटी१.१बी सारख्या जनुकांमुळे आता तो नुसत्या नजरेने शोधावा लागत नाही.

त्यासाठी प्रयोगाची पद्धत थोडी बदलावी लागेल. सिंदेवाही, साकोली किंवा कुठल्याही केंद्रावर नव्या ओळींची चाचणी पूर्ण खतावर होते तशी ती निम्म्या खतावर आणि नुसत्या पाल्या-शेणखतावरही, निवडीच्या पहिल्या पिढ्यांपासून व्हावी, शेवटच्या दोन वर्षांत औपचारिकता म्हणून नव्हे. तिन्ही प्लॉटमध्ये पहिली येणारी ओळ एकच निघाली तर उत्तम. वेगवेगळ्या निघाल्या तर एचएमटीच्या मुलखातल्या अल्पभूधारकाला त्यातली कुठली हवी आहे, हे त्यालाच ठरवू द्यावं. यासाठी डीएनए वाचणारं यंत्र लागत नाही, जास्तीची जागा आणि जास्तीचे तीन-चार हंगाम लागतात.

पुढच्या वेळी विद्यापीठाच्या शिवारफेरीत नवं धान दाखवलं गेलं, तर उतारा किती आणि दाणा कसा हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न जरूर विचारा: हे वाण किती खतावर निवडलं?